बाहेरची चिठ्ठी

सरकारी दवाखान्यात केसपेपर निघाला, तपासणी झाली की बाईच्या हातात पुष्कळदा दोन कागद पडतात. एक आतला, औषधाच्या खिडकीवर दाखवायचा. दुसरा छोटा, बिनशिक्क्याचा, घाईत लिहिलेला. तो बाहेरचा. समोरच्या मेडिकलमधून आणायच्या औषधांचा. सलाईनची सुई, हातमोजे, टाके घालण्याचा दोरा, एखादे इंजेक्शन. वस्त्यांमध्ये या कागदाला ‘बाहेरची चिठ्ठी’ असेच नाव पडले आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की कोणी तक्रारही करत नाही. तक्रार झालीच तर डॉक्टरांच्या नावाने होते, नाहीतर सिस्टरच्या.

या अंकाचे संपादकीय औषध भांडारावर आहे हे पाहून काही मैत्रिणींना नवल वाटेल. निविदा, दरकरार, साठा नोंदवही, मुदत संपलेला माल हे विषय कारकुनांचे, अधिकाऱ्यांचे. फार तर हिशेबतपासनिसांचे. स्त्रियांच्या चळवळीने त्यात का शिरावे? आमचे म्हणणे असे, की बाहेरच्या चिठ्ठीचे पैसे घरातल्या ज्या डब्यातून जातात तो डबा बाईचा असतो. म्हणून भांडाराची वही हा आपला विषय आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हेच प्रमाण ६४.२ टक्के होते. घट झाली आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण अजूनही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये कुटुंबे भरतात आणि त्यातला मोठा वाटा औषधांचा असतो. ‘खिसा’ हा शब्द मात्र फसवा आहे. नवऱ्याच्या आजारपणाला कर्ज निघते, मुलाच्या तापाला उसनवारी होते, आणि बाईच्या पाळीच्या रक्तस्रावाला, अंगावरून जाण्याला, पांढुरक्या पडलेल्या डोळ्यांना ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यावरच्या लोहाच्या गोळ्या हे काही महागडे औषध नव्हे. पण उपकेंद्रात गोळ्या नसल्या आणि त्या विकत घ्यायच्या म्हटले तर घरखर्चातून सगळ्यात आधी कापली जाणारी बाब तीच असते.

कायदा काय म्हणतो हे आपण जाणतोच. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, पूर्णपणे मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, ये-जा, सगळे त्यात आले. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्वच उपचार निःशुल्क झाले. (वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये यात येत नाहीत. एकाच शहरात एका फाटकातून गेले तर फुकट आणि दुसऱ्यातून गेले तर पैसे. बाईने कोणते फाटक कोणत्या खात्याचे हे ओळखायचे कसे?) केसपेपरचे पैसे माफ झाले, पण फळीवर औषध नसेल तर ती माफी खिडकीपाशीच संपते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग आडात का नाही? पैसा कमी आहे हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे, आलेला पैसा कसा खर्च होतो यात आहे, आणि तिथे आपण फारसे पाहिलेले नाही.

एखादी गोळी वॉर्डातल्या रुग्णापर्यंत पोचते तो रस्ता डोळ्यांसमोर आणू या. वॉर्डातली सिस्टर मागणीपत्र भरते. भांडारातला औषधनिर्माण अधिकारी सगळ्या वॉर्डांची मागणी एकत्र करून वर पाठवतो. वर निविदा निघते, दर ठरतो, पुरवठा आदेश जातो, माल येतो, नमुना तपासणीला जातो, देयक मंजूर होते. यातला एक जरी टप्पा अडला तरी खालची फळी रिकामी राहते. आणि प्रत्येक टप्प्यावर पैसा गळण्याची जागा आहे. वर्षाची मागणी मागच्या वर्षाच्या आकड्यात दहा टक्के मिळवून अंदाजपंचे केली की एक औषध कालबाह्य होऊन पडते आणि दुसरे मार्चच्या आतच संपते. पुरवठादाराचे पैसे वर्ष-वर्ष थकले की तो पुढच्या निविदेत ते व्याज दरात मिळवतो, किंवा निविदा भरतच नाही. उधारीच्या वाण्याचा भाव नगदीच्या वाण्यापेक्षा नेहमी चढा असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि औषध अगदीच संपले की धावपळीने स्थानिक खरेदी होते, थोड्या मालाची आणि किरकोळीच्या भावाची. तेही झाले नाही तर बाहेरची चिठ्ठी. म्हणजे जी गोळी राज्याने एकगठ्ठा घेतली असती तर पैशांत पडली असती, ती सर्वांत गरीब गिऱ्हाईक छापील किमतीला विकत घेते.

या रस्त्यावर सिस्टर कुठे उभी आहे तेही पाहायला हवे, कारण ती बाई आहे आणि सगळ्यांचा राग तिच्यावरच निघतो. वॉर्डातल्या साठ्याचा हिशेब तिच्या सहीने चालतो. एक कुपी फुटली तरी जाब तिला. नातेवाईक ओरडतात ते तिच्यावर, आणि भांडारात ‘नाही’ हा शब्द ऐकते तीही तीच. म्हणून अनुभवी सिस्टर काय करते? थोडे बाजूला ठेवते. रात्री-अपरात्री अडली बाई आली तर असावे म्हणून कपाटात चार इंजेक्शने जपते, शेजारच्या वॉर्डाकडून उसने घेते, परत करते, वहीत याची नोंद नसते. याला चोरी म्हणणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. पण जिथे पुढचा माल कधी येईल याचा भरवसा नाही तिथे साठवून ठेवणे हे शहाणपणच ठरते. गंमत अशी, की प्रत्येक वॉर्डाने असे जपून ठेवले की भांडारात टंचाई आणखी वाढते आणि खरी गरज किती हे वहीतून कळेनासे होते. भरवसा निर्माण केल्याशिवाय ही कपाटे उघडणार नाहीत. परिपत्रकाने तर नाहीच नाही.

हे सगळे आपल्या देशात अटळ आहे का? तसे मुळीच नाही. तामिळनाडू सरकारने जुलै १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी एक स्वतंत्र महामंडळ स्थापन केले आणि १९९५ च्या सुरुवातीपासून ते औषधे पुरवू लागले. त्यांनी केलेल्या गोष्टी ऐकायला साध्या आहेत. आधी अत्यावश्यक औषधांची यादी केली, कंपनीच्या ब्रँडने नव्हे तर औषधाच्या मूळ नावाने. साऱ्या राज्याची मागणी एकत्र करून निविदा काढल्या आणि आधी उत्पादकाची पात्रता, मग किंमत, असे दोन लिफाफे ठेवले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली आणि तिथल्या साठ्याची नोंद संगणकावर आणली. आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना, उत्पादकाचे नाव झाकून, प्रयोगशाळेकडे पाठवला. उत्तीर्ण झाला तरच माल वाटला. गोळ्यांच्या पट्टीवर ‘सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही’ असे छापून घेतले, म्हणजे तीच पट्टी मागच्या दाराने बाजारात जायला नको. पुरवठादाराचे पैसे वेळेवर दिले.

यातली सर्वांत शहाणी गोष्ट मात्र पासबुक ही आहे. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे एक पासबुक मिळते. त्यात त्याच्या वाट्याची वर्षाची रक्कम मांडलेली असते. रुग्णालय गोदामातून आपल्याला लागणारे औषध उचलते आणि तेवढी किंमत पासबुकातून वजा होते. म्हणजे खरेदी एका ठिकाणी, पण निवड खाली. जिथे बाळंतपणे जास्त तिथले डॉक्टर त्या औषधांवर पैसे लावतील, जिथे हिवताप जास्त तिथे वेगळे. मुंबईत बसून मेळघाटाला कोणते औषध किती लागेल हे ठरवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. पासबुकाने तो उंट बसवला. २ ऑक्टोबर २०११ रोजी राजस्थानने मोफत औषध योजना सुरू केली तीही अशाच महामंडळाच्या आधाराने.

महाराष्ट्राने काय केले? २०१७ मध्ये राज्याने वेगवेगळ्या खात्यांची औषध खरेदी एकत्र करून ती हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे दिली. एकत्र खरेदी हे तत्त्व बरोबर होते. पण पोलिओसारख्या लशी बनवण्याचा वारसा असलेल्या संस्थेला राज्यभराची खरेदी-विक्री येईलच असे कोणी गृहीत धरले? खरेदी एका जागी आणली, पण गोदामे, माणसे, देयकांची शिस्त आणि खालचे पासबुक हे सगळे राहून गेले. रुग्णालयांचा निधी जमा होऊनही औषधे वेळेवर येत नव्हती अशी ओरड वर्षानुवर्षे होत राहिली. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांची टंचाई नव्हती असे प्रशासनाने सांगितले. रुग्ण उशिरा आणि अत्यवस्थ अवस्थेत आले, असेही सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा जे प्रश्न निघाले त्यात एक हाही होता, की नव्या खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीच नाही. कायदा झाला, पाटी लागली, खुर्चीवर कायमचा माणूस नव्हता. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

एकाच जागी खरेदी म्हणजे एकाच माणसाकडून खरेदी नव्हे. या दोहोंतला फरक आपल्या जिवाशी कसा येतो ते ऑक्सिटोसिनच्या प्रकरणात दिसले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे हे इंजेक्शन. असा रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण, आणि त्यात बाई तास-दीड तासातही हातची जाऊ शकते. दुभत्या जनावरांवर त्याचा गैरवापर होतो असे कारण देऊन केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढली, की देशासाठी हे औषध यापुढे खाजगी कंपन्यांनी बनवायचे नाही. कर्नाटकातली एकच सरकारी कंपनी बनवील. त्या कंपनीला हे औषध बनवण्याचा पूर्वानुभव नव्हता. अखिल भारतीय औषध कृती मंच आणि काही उत्पादक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ती बंदी रद्द केली. शास्त्रीय आधार नाही आणि स्त्रियांच्या जिवाला निर्माण होणाऱ्या धोक्याचा विचारही केलेला नाही असे त्या निकालाचे सार होते. केंद्र सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हशींच्या काळजीपोटी बायकांचे औषध एका कारखान्याच्या भरवशावर टाकायला निघालेल्या या निर्णयावर आपल्या संघटनांमध्ये जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, असे आम्हाला वाटते. गर्भनिरोधकांच्या इंजेक्शनावर आपण रस्त्यावर उतरलो होतो. ऑक्सिटोसिनची लढाई औषध-प्रश्नावर काम करणाऱ्या मोजक्या मंडळींवर सोपवली.

आणि हे इंजेक्शन नुसते विकत घेऊन भागत नाही. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. उन्हाळ्यात टेबलावर पडून राहिले तर कुपीवर नाव राहते, गुण राहत नाही. आता गंमत पाहा. त्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींचा फ्रीज असतो. त्याचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिले जाते, वीज गेली तर बर्फाचे डबे काढले जातात, किती कुपी आल्या, किती उघडल्या, किती वाया गेल्या याचा हिशेब असतो. तीच इमारत, तीच सिस्टर, तीच वीज. लस पोचते, कारण तिची मोजणी होते आणि त्या मोजणीवर वरून कोणीतरी डोळा ठेवून असते. म्हणजे आपल्या यंत्रणेला हे जमत नाही असे नाही. एप्रिल १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे कागदावर रद्द झाली, पण नसबंदीच्या शिबिरांच्या तारखा ठरतच राहिल्या. यंत्रणा कशासाठी हलते आणि कशासाठी हलत नाही हा प्रश्न राजकारणाचा आहे.

स्वस्त म्हटले की काही मैत्रिणी बिचकतात, आणि त्याला कारणे आहेत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरीन दिले जाऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्र्यापर्यंत सगळी साखळी उघडी केली. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. त्यातल्या १३ जणी गेल्या. शस्त्रक्रियेतल्या हेळसांडीबरोबर तिथे वाटलेल्या गोळ्यांवरही संशय आला. २०२४ च्या नोव्हेंबरात कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर एकामागून एक बाळंतिणी दगावल्या तेव्हा बोट दाखवले गेले ते सलाईनकडे. या साऱ्यांत एक सूत्र आहे. माल घेणारा आणि माल तपासणारा यांच्यामध्ये कोणी नव्हते, किंवा होते ते डोळे मिटून होते. म्हणून स्वस्त घ्या पण तपासून घ्या, ही मागणी एकत्रच मांडायला हवी. तपासणीचा खर्च वाचवून मिळालेला कमी दर आपल्याला नको.

खाजगीकरण करा म्हणजे सगळे सुरळीत होईल, असे सांगणारे पुढे येतील. भांडार ठेकेदाराला द्या, रुग्णालयाच्या आवारात औषधाचे दुकान काढा. आवारातल्या दुकानाने चिठ्ठी बाहेरची न राहता आतली होते, एवढाच बदल. पैसे बाईनेच भरायचे. सरकारी साठा भरलेला असेल तर अशा दुकानाची गरजच का पडावी?

एक गोष्ट जाता जाता. बायका घरातले वाणसामान सांभाळतात म्हणून त्या भांडारही चांगले सांभाळतील, अशी गोड भाषणे मध्यंतरी ऐकायला मिळाली. घर सांभाळायचे, दवाखान्याची वहीही सांभाळायची आणि मानधन आशाताईंचे! भांडाराला पुरेसे पगारी, प्रशिक्षित औषधनिर्माण अधिकारी हवेत. त्यांच्या रिकाम्या जागा भरायला हव्यात. आपले काम वही लिहिण्याचे नसून ती वाचण्याचे आणि वाचून दाखवण्याचे आहे.

महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीच्या प्रक्रियेत गावोगावच्या बायकांनी जनसुनवाईत उभे राहून डॉक्टर, सिस्टर, अधिकारी यांच्यासमोर बाहेरच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आहेत. तो कागद पुरावा असतो हे तेव्हा कळले. पुढची पायरी अशी, की चिठ्ठीबरोबर त्या दिवसाचा साठाही मागायचा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात नुसती माहितीच नव्हे तर दस्तऐवज प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क आहे. साठा नोंदवही हा दस्तऐवजच आहे. त्यात पाहायच्या गोष्टी फार नाहीत. हे औषध शेवटचे कधी आले, कधी संपले, संपण्याआधी किती दिवस मागणी पाठवली होती, तिला उत्तर कधी आले. कालबाह्य झालेला माल किती किमतीचा होता. स्थानिक खरेदी कोणत्या दुकानातून आणि कोणत्या भावाने झाली. वहीत औषध शिल्लक दिसते आणि त्याच तारखेची बाहेरची चिठ्ठी हातात आहे, असे आढळले तर दोष कुणाचा हे शोधायला सोपे जाते. वहीतही शून्य असेल तर सिस्टरशी भांडून उपयोग नाही, जिल्ह्याकडे आणि प्राधिकरणाकडे जायला हवे. हा फरक कळला की कित्येकदा तीच सिस्टर आपल्या बाजूने बोलू लागते.

रुग्ण कल्याण समितीत आपल्यापैकी ज्या सदस्य आहेत, पंचायतीत ज्या निवडून आल्या आहेत, त्यांनी एवढे तरी लावून धरावे: दवाखान्याच्या दर्शनी भागात, ओळखता येईल अशा मराठीत, आज कोणती औषधे आहेत आणि कोणती नाहीत याचा फळा. रोज पुसून रोज लिहिलेला. बाळंतपणाची औषधे त्यात सर्वांत वर. ऑक्सिटोसिन, झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट, लोहाच्या गोळ्या, सलाईन, टाक्याचा दोरा, हातमोजे.

येत्या तीन महिन्यांत आपापल्या भागातल्या एका तरी केंद्राची वही पाहून यावी, अशी सर्व गटांना विनंती आहे. चिठ्ठ्यांच्या प्रती पाठवताना रुग्ण बाईचे नाव झाका, तारीख आणि औषधाचे नाव राहू द्या. वही दाखवायला नकार मिळाला तर तेही लिहून कळवा, नकार कोणी आणि कोणत्या शब्दांत दिला त्यासह.